विषय: पासपोर्ट कायम जवळ ठेवायचा की झेरॉक्स चालेल? (जपानला जाणाऱ्या पालकांसाठी)

इंदिरानगर, नाशिकहून

नमस्कार मंडळी,

दिवाळी झाली की आम्ही दोघं मुलाकडे टोकियोला चाललोय, 90 दिवसांचा व्हिसा आलाय. आता घरात वाद असा की हिचं म्हणणं पासपोर्ट मुलाच्या घरी कपाटात कुलपात ठेवायचे, बाहेर जाताना पर्समध्ये झेरॉक्स, कारण तो हरवला तर परक्या देशात कुठं शोधत बसणार. मुलगा म्हणतो ओरिजिनलच लागतो, पण नीट सांगायच्या आधीच त्याची मीटिंग सुरू झाली. त्यात आमच्या शेजाऱ्यांचा जावई तिकडेच असतो, त्याला म्हणे स्टेशनबाहेर पोलिसांनी थांबवून बॅग उघडायला लावली, काही कारण नाही काही नाही. हे ऐकल्यापासून हिची झोप उडालीय. आम्हाला जपानी अजिबात येत नाही, इंग्रजी कामापुरतं. एकांनी तर सांगितलं की आधार कार्ड दाखवलं तरी भागतं. खरं का ते? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावं.

निशिकासाई, टोकियोहून

काका नमस्कार, आधारचा इथे शून्य उपयोग, ते घरीच राहू द्या. आणि काकूंना सांगा की झेरॉक्स किंवा मोबाईलमधला फोटो चालत नाही, पर्यटक म्हणून आलात तर मूळ पासपोर्ट अंगावर असणं हा इथला कायदाच आहे, नसेल तर 1 लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. आम्ही इथे राहणारे पासपोर्ट घेऊन फिरत नाही कारण आमच्याकडे रेसिडेन्स कार्ड असतं, 2012 च्या जुलैपासून परदेशी रहिवाशांच्या जुन्या नोंदणी कार्डाच्या, म्हणजे एलियन कार्डाच्या जागी हे आलं, ते मात्र कोपऱ्यावर दूध आणायला गेलो तरी खिशात लागतं, नसलं तर 2 लाख येनपर्यंत दंड आणि मागितल्यावर दाखवायला नकार दिला तर एक वर्षापर्यंत कैदसुद्धा होऊ शकते.

तसंही दुकानात टॅक्स फ्री खरेदी करायची तर मूळ पासपोर्टच मागतात, हॉटेलमध्ये उतरलात तर तिथेही मागतात, म्हणजे जवळ ठेवणं सोयीचंच. घाबरू नका हो, इथले पोलीस उद्धटपणे बोलत नाहीत. थांबवलं तर दाखवा, हसा, अरिगातो म्हणा आणि निघा, पाच मिनिटांचं काम. मी तरी एवढंच करतो, उगाच कशाला वाद.

गंगापूर रोड, नाशिकहून

काका, दादांनी पासपोर्टचं सांगितलं ते अगदी बरोबर, पण "दाखवा, हसा आणि निघा" यावर मला थोडं बोलायचंय. आम्ही बरीच वर्षं टोकियोत काढून आता नाशिकला परत आलोय, मुलाची शाळा तिकडेच झाली.

मुलगा बारावीच्या वयाचा असताना एका संध्याकाळी शेजाऱ्यांची सायकल घेऊन क्लासला निघाला. तिकडे प्रत्येक सायकलवर चोरीविरोधी नोंदणीचा छोटा स्टिकर असतो, त्यावर नंबर. दोन पोलीस, एक समोर, एक थोडा मागे उभा, म्हणजे पळायची जागा नको. समोरच्याने वाकून टॉर्चच्या उजेडात स्टिकरचा नंबर वाचून वॉकीटॉकीवर सांगितला, तिकडून नाव आलं ते अर्थातच शेजाऱ्यांचं, जपानी. मग कार्ड, मग दप्तर, दप्तरात वह्या आणि लसणाची चटणी लावलेल्या पोळीचा डबा, तो पण उघडून बघितला. येणारेजाणारे बघत होते, त्यात त्याच्या वर्गातली दोन मुलं. शेजारच्या आजींना फोन लागेपर्यंत सगळं चालू होतं आणि नंतर पोलीस खरंच नम्रपणे वाकून सॉरी म्हणाले. पण पोरगं घरी येऊन जेवलं नाही. त्याचा एकच प्रश्न होता, आई, माझ्या पुढे सायकलवर चाललेले तिघं जपानी होते, त्यांना का नाही थांबवलं? मला उत्तर देता आलं नाही आणि आजही वाटतं की त्याचा राग रास्त होता.

म्हणून सांगते, कागद बघणं यात काही गैर नाही. आपल्याकडेही परदेशी पाहुणा लॉजवर उतरला की मालकाला 24 तासांत ऑनलाइन कळवावं लागतं, येत्या सिंहस्थाला पंचवटीतल्या आणि त्र्यंबकच्या लॉजवाल्यांची त्यात चांगलीच धावपळ होणार आहे. पण सगळ्यांचे कागद बघणं वेगळं आणि रस्त्यावर चेहरा बघून निवडणं वेगळं. हे फक्त आपल्या मनाचं नाहीये, 2021 च्या डिसेंबरमध्ये टोकियोतल्या अमेरिकन दूतावासाने आपल्या नागरिकांना जाहीर सावध केलं होतं की परदेशी दिसणाऱ्यांना संशयावरून अडवल्याच्या तक्रारी येताहेत. आणि 2024 च्या जानेवारीत तीन जणांनी टोकियोच्या कोर्टात केंद्र सरकार, टोकियो आणि आइची प्रांतावर दावाच ठोकला, त्यातला एक जण तर जन्माने पाकिस्तानी पण आता जपानी नागरिक. जपानी नागरिकाला ओळखपत्र बाळगायची सक्तीच नाही, तरी त्याला मात्र सारखं थांबवायचे. मग तो बिचारा काय दाखवणार सांगा.

आता कामाचं. तिथला पोलिसांच्या कामाचा कायदा 1948 चा आहे, त्यात रस्त्यावर चौकशी करायला काहीतरी संशयाचं कारण लागतं असं स्पष्ट लिहिलंय आणि मनाविरुद्ध चौकीत नेता येत नाही. बॅग दाखवणं स्वेच्छेचं असतं. पण पासपोर्ट किंवा कार्ड दाखवणं स्वेच्छेचं नाही, हे दोन वेगळे आहेत आणि लोक इथेच गोंधळतात, कुणी रागाच्या भरात कार्डच दाखवत नाही आणि स्वतःला अडचणीत टाकतो. कार्ड लगेच द्या आणि मग शांतपणे कारण विचारा, हे दोन्ही एकाच वेळी करता येतं. साध्या कपड्यातला माणूस आला तर आधी त्याचं पोलीस ओळखपत्र मागा, मागितल्यावर त्याला ते दाखवावं लागतं. दुकानदार किंवा घरमालक पोलिसासारखं कार्ड दाखव म्हणू शकत नाही, तो अधिकार पोलीस, इमिग्रेशन अशा सरकारी लोकांनाच. आणि दुसऱ्याची सायकल वापरू नका, अगदी घरमालकाची असली तरी.

काकूंची भीती मला कळते. पासपोर्टची पुस्तिका आपल्या नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्येच छापतात, माझे वडील तिथेच नोकरीला होते, त्यामुळे आमच्या घरी पासपोर्ट देवघरातल्या वस्तूसारखा जपायचे. पण कपाटातला पासपोर्ट रस्त्यावर कामाला येत नाही. कापडी पिशवी शिवून घ्या, गळ्यात शर्टाच्या आत, बास. झेरॉक्स मुलाच्या घरी ठेवा, उलटं करा.

म्युनिकहून

ताईंचं वाचून राहवलं नाही म्हणून दोन ओळी. युरोपात येणाऱ्या पोरापोरींनाही सांगा, विशेषतः मास्टर्सला आलेल्या. जर्मनीचं रेसिडेन्स कार्ड खिशात आहे म्हणून शनिवारी साल्झबर्गला फिरायला निघतात आणि पासपोर्ट होस्टेलवर. ऑस्ट्रियाच्या सीमेवर 2015 पासून तपासणी चालू आहे, परत येताना ट्रेन थांबवून पोलीस डब्यात चढतात. ते कार्ड एकट्याने प्रवासाला पुरत नाही, पासपोर्ट बरोबर लागतो. शेंगेन आहे, म्हणजे युरोपातल्या या देशांत एकाच व्हिसावर फिरता येतं, म्हणून विचारणार नाहीत हे डोक्यातून काढून टाका. आणि डब्यात पहिलं कुणाकडे येतात तेही मी कित्येकदा बघितलंय, ताई बरोबर बोलताहेत.

निशिकासाई, टोकियोहून

ताई, पटलं. माझं म्हणणं फक्त काका-काकूंपुरतं होतं, भाषा येत नसताना त्यांनी रस्त्यात कारण विचारत बसू नये असं मला अजूनही वाटतं, ते मुलाला फोनवर करू द्या. पण इथे वाढणाऱ्या आपल्या मुलांना हे सांगायलाच हवं, सोळा वर्षं पूर्ण झाली की त्यांनाही कार्ड जवळ ठेवणं बंधनकारक होतं आणि बऱ्याच आईवडलांना हे माहीतच नसतं. इथल्या आपल्या मंडळाच्या पुढच्या बैठकीत अर्धा तास यालाच ठेवू, मी वकिलाला विचारून ठेवतो. शिवाय एक, चुकून अटकेपर्यंत गेलंच तर इथे आरोप ठेवण्याआधी 23 दिवसांपर्यंत कोठडीत ठेवता येतं, म्हणून पहिल्या तासातच दूतावासाला कळवा असं सांगायचं आणि ड्यूटीवरचा वकील मागायचा, त्याची पहिली भेट मोफत असते. दूतावासाला कळवायचा हक्क 1963 च्या व्हिएन्ना करारात आहे, तो पर्यटकालाही आहे.

इंदिरानगर, नाशिकहून

सगळ्यांचे मनापासून आभार. हिने वाचलं, ताईंच्या मुलाचं वाचून डोळ्यात पाणी आलं तिच्या. पिशव्या शिवायला टाकल्यात. एक शंका, फोन लागला नाही तर काय, कागदावर लिहून ठेवू का काही?

गंगापूर रोड, नाशिकहून

हो काका, मुलाकडून जपानीत एक चिठ्ठी लिहून घ्या, आम्ही मुलाचे आईवडील आहोत, पर्यटक व्हिसावर आलोय, जपानी येत नाही, कृपया या नंबरवर बोला, खाली मुलाचं नाव, घरचा पत्ता, त्याच्या ऑफिसचा नंबर. दोघांच्या पिशवीत एकेक, एकच करून काकांकडे ठेवू नका, काकू एकट्या देवळात किंवा बाजारात जाणारच. आणि पासपोर्टवर व्हिसाबरोबर विमानतळावर जो लँडिंग परवानगीचा, म्हणजे देशात प्रवेश दिल्याचा स्टिकर लावतात ते पान उघडून दाखवायचं, पोलिसांना तेच बघायचं असतं.