बर्फासाठी सेकंडहँड गाडी: ऑल-व्हील ड्राइव्हचा हट्ट सोडा

चाकोरीबाहेर:

थंडी तोंडावर आली की ओळखीपाळखीतून हमखास विचारणा होते, "जुनी गाडी घ्यायचीय, बर्फात चालवायचीय, ऑल-व्हील ड्राइव्हच घेऊ ना?" मी नको म्हणतो आणि वाद होतो. म्हणून इथे नीट मांडतोय.

हातातले पैसे ठरलेले असतात. तेवढ्यात मिळणारी ऑल-व्हील ड्राइव्ह बहुतेक वेळा साध्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीपेक्षा जास्त जुनी किंवा जास्त पळालेली असते. आणि पैसे तिथेच संपले की टायर आहेत तेच राहतात. ही अदलाबदल मला पटत नाही. चारही चाकांना ताकद मिळाली तर गाडी जागची हलते, चढ चढते, हे खरं. पण ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांवरच असतात. थांबताना रस्त्याशी धरून राहतं ते फक्त टायरचं रबर.

हिशेब करून बघा. ताशी 50 किमी वेगात ब्रेक दाबला तर कोरड्या रस्त्यावर गाडी साधारण 14 मीटरमध्ये थांबते. दाबून घट्ट झालेल्या बर्फावर घर्षणांक (टायर-रस्त्याच्या पकडीचा आकडा) 0.2 धरला तर 50 मीटर लागतात, आणि काचेसारख्या गुळगुळीत बर्फावर 0.1 धरला तर जवळपास 100. आपला पाय ब्रेकवर पोचेपर्यंत गेलेलं अंतर यात धरलेलंच नाही. हा आकडा कमी करायचं काम टायर करतो, ड्राइव्ह नाही. उन्हाळी टायरचं रबर साधारण 7 अंश सेल्सिअसच्या खाली कडक व्हायला लागतं, विंटर टायरचं मऊ राहतं. टायरच्या बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण, ही खूण शोधा. नुसतं 'एम प्लस एस' (मड अँड स्नो, चिखल आणि बर्फ) लिहिलेलं पुरेसं नाही, ते नक्षीपुरतं असतं. बर्फातल्या चाचणीत उतरल्याशिवाय डोंगराची खूण मिळत नाही.

घाटवाट:

दादा, तुमचा सगळा हिशेब सपाट आणि साफ केलेल्या रस्त्याचा आहे. माझं घर चढावर आहे आणि आमच्या गल्लीत बर्फ उपसणारी गाडी सगळ्यात शेवटी येते. तीन हिवाळे मी पुढच्या चाकांची गाडी चालवली, तीही उत्तम विंटर टायर लावून. अर्ध्या चढावर चाकं जागच्या जागी फिरायची आणि गाडी हळूहळू मागे यायची. मागे मुलं बसलेली असताना गाडी अशी उलटी सरकते तेव्हा पोटात काय होतं ते लिहून सांगता येणार नाही.

कारणही साधं आहे. चढावर गाडीचं वजन मागच्या चाकांवर जातं, म्हणजे नेमकी जी चाकं ओढायचं काम करतात तीच हलकी होतात. ऑल-व्हील ड्राइव्ह घेतल्यापासून पाच वर्षांत एकदाही मागे सरकले नाही. 'हट्ट' हा शब्द मला टोचला. काही जणांची ती गरज असते.

गंजशोध:

तुम्ही दोघं चाकांवर भांडताय आणि चाकं ज्याला लावलीत त्याकडे कुणी बघत नाहीये. बर्फाच्या प्रदेशातली जुनी गाडी इंजिनाने नाही, मिठाने मरते. बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेलं मीठ पाण्यात विरघळून खालच्या प्रत्येक सांध्यात शिरतं. वरून रंग चकचकीत, आणि खाली ब्रेकच्या लोखंडी नळ्या कागदासारख्या झालेल्या.

गाडी लिफ्टवर चढवल्याशिवाय व्यवहार करू नका. दाराखालची पट्टी, चाकांच्या कमानी, सस्पेन्शन जिथे जोडलंय त्या जागा, ब्रेक आणि पेट्रोलच्या नळ्या, हे सगळं हाताने चाचपा. खाली ताजा काळा थर दिसला तर मी तरी तिथूनच परत फिरतो. तो गंज थांबवायला लावलाय की झाकायला, हे बाहेरून कळत नाही, आणि आतल्या गंजावर थर चढवला की ओल आतच कोंडते. लोखंडी पत्र्याला पातळ कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक लावून बघा. जिथे चिकटत नाही तिथे पुटी भरलेली असू शकते. (पत्रा अॅल्युमिनियमचा असेल तर ही युक्ती चालत नाही.) गाडी उभी असतानाच ब्रेक पूर्ण जोराने दाबून धरा. पेडल हळूहळू खाली जात असेल तर चावी परत देऊन या.

नवीचालक:

मी पहिलीच गाडी घेतेय, म्हणून विचारते. मग जिथे बर्फच पडत नाही अशा भागातून गाडी आणली तर? गंजाचा प्रश्नच मिटला ना?

गंजशोध:

ताई, माझा सल्ला तोच. थोडी लांबून आणावी लागली तरी चालेल.

उबदार:

मला हे अर्धंच पटतं. उष्ण भागातल्या गाडीत रस्त्यावरच्या मिठाचा गंज नसतो, पण तिची थंडीशी कधी गाठच पडलेली नसते. कूलंटमध्ये, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात, वर्षानुवर्षं साधं पाणी भरत गेलेलं असू शकतं. ते गोठलं की फुगतं आणि इंजिनाचा ब्लॉक तडकू शकतो. निम्मं पाणी आणि निम्मं इथिलीन ग्लायकॉल असेल तर मिश्रण साधारण उणे 37 अंशांपर्यंत तग धरतं. मोजायचं उपकरण छोटं असतं, कुठलाही मेकॅनिक दोन मिनिटांत बघून देतो. काच धुवायचं पाणीही बदला, नाहीतर ते टाकीतच गोठेल.

मी रात्रपाळी करते, पहाटे गाडी काढते. त्या वेळी ना ड्राइव्ह आठवते ना टायर. सेल्फ मारल्यावर इंजिन लागतंय का, एवढंच डोक्यात असतं. उणे 18 अंशांवर बॅटरीची ताकद साधारण निम्म्यावर येते आणि तेल घट्ट झाल्यामुळे इंजिन फिरवायला मात्र जास्त जोर लागतो. म्हणून बॅटरीवरचा 'सीसीए'चा (कोल्ड क्रँकिंग अँप्स, थंडीत इंजिन फिरवायची ताकद) आकडा बघा. तो उणे 18 अंशांवरच मोजलेला असतो. तीन-चार वर्षं जुनी बॅटरी असेल तर नवी घ्यायचे पैसे बाजूला ठेवा.

आणि एसी! बर्फात एसी कशाला म्हणून लोक बंद पडलेला एसी चालवून घेतात. काचेवर आतून धरलेलं दव घालवताना हवेतली ओल काढायचं काम एसीच करतो. हीटर सुरू केल्यावर गोडसर वास आला, किंवा पुढच्या सीटखालचा गालिचा ओला लागला, तर हीटरमधून कूलंट गळतंय असं समजा.

चाकोरीबाहेर:

घाटवाट, तुमचा चढाचा मुद्दा मी मान्य करतो. साफ न होणाऱ्या चढावर राहणाऱ्याला मी नको म्हणणार नाही, आणि 'हट्ट' हा शब्द तुमच्यासाठी चुकलाच. पण जुनी ऑल-व्हील ड्राइव्ह घेताना दोन गोष्टी मात्र तपासाच. चारही टायर एकाच बनावटीचे आणि सारखेच झिजलेले हवेत. एक नवा आणि तीन झिजलेले असतील तर चाकांचा घेर वेगळा पडतो आणि ताकद वाटणाऱ्या यंत्रणेवर सतत ताण येतो. दुसरं म्हणजे त्या यंत्रणेचं आणि मागच्या डिफरन्शियलचं (मागच्या दोन चाकांत ताकद वाटणाऱ्या गिअरचं) तेल कधी बदललं, याची नोंद मागा. ती दुरुस्ती अशी असते की जुन्या गाडीची किंमतच त्यात जाते.

घाटवाट:

तेलाचं बरोबर आहे, मीही नोंद बघूनच घेतली होती. पण मग तुमच्याही बाजूला एक भर घाला. गाडी जमिनीपासून किती उंच आहे? पोटाला बर्फ टेकला की गाडी त्यावर होडीसारखी तरंगते, मग टायर कितीही चांगले असोत, पकडायला काही उरत नाही. जिथे रात्रीतून गुडघाभर पडतो तिथे बुटकी गाडी मी कुणालाच सुचवणार नाही. यावर आपलं एकमत होणार नाही बहुतेक.

चाकोरीबाहेर:

नाहीच होणार. गुडघाभर बर्फात रस्ता साफ होईपर्यंत मी घरात थांबेन.

उबदार:

सगळ्यांना थांबता येत नाही हो. माझ्या पाळीला रस्ता साफ झालाय की नाही, हे विचारात घेत नाहीत.

नवीचालक:

खूप मदत झाली. माझा रस्ता सपाट आहे आणि रोज साफ होतो, म्हणून पुढच्या चाकांचीच बघतेय, उरलेल्या पैशात विंटर टायरचा संच. जुनेच टायर मिळताहेत, त्यावर शेवटचे चार आकडे 3516 आहेत. चालतील?

चाकोरीबाहेर:

3516 म्हणजे 2016 सालचा 35वा आठवडा. नक्षी शिल्लक दिसली तरी रबर आता कडक झालेलं असणार, ते घेऊ नका. नक्षी 4 मिलिमीटरच्या खाली गेली की टायर बर्फाच्या कामाचा उरत नाही, तेही मोजून घ्या. आणि गाडीत ईएससी आहे ना? गाडी घसरायला लागली की ती यंत्रणा एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून सावरते. अमेरिकेत 2012च्या मॉडेलपासून ती सक्तीची झाली, युरोपीय संघात 2014पासून सगळ्या नव्या गाड्यांना. त्याआधीची असेल तर चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवर घसरत्या गाडीचं चित्र क्षणभर उजळतं का ते बघा.

नवीचालक:

उजळतं, विक्रेत्याने पाठवलेल्या व्हिडिओत दिसतंय. उद्या सकाळी बघायला जातेय. मी येईपर्यंत गाडी अजिबात सुरू करू नका, असं सांगून ठेवलंय, म्हणजे थंड इंजिन कसं लागतं ते कळेल.

गंजशोध:

हे उत्तम केलंत. पोचल्यावर आधी बॉनेटला हात लावा, गरम लागलं तर कारण विचारा. आणि एक टॉर्च न्या, अंगाखाली टाकायला जुनी चादर पण.