मदत हवी आहे: म्युकरनंतर (काळी बुरशी) टाळूची प्लेट आणि डोळा, ठाणे-नवी मुंबईत कुठे करावं?

नमस्कार मंडळी, मावशीसाठी विचारतेय, ती आमच्याकडेच कळव्याला असते. २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत तिला करोना झाला, शुगर आधीपासून होतीच, त्यात स्टिरॉइड द्यावी लागली आणि घरी आल्यावर गाल सुजला, वरचे दात हलायला लागले, तपासलं तर म्युकर. ॲम्फोटेरिसिन या बुरशीवरच्या औषधाचा कोर्स झाला, उजव्या बाजूचा वरचा जबडा काढला आणि बुरशी डोळ्यापर्यंत गेली होती म्हणून उजवा डोळा पापण्यांसकट काढला. जीव वाचला हेच तेव्हा खूप होतं.

पण आता रोजचं जगणं अवघड झालंय. टाळूला मोठं भोक आहे, तेव्हा दिलेली तात्पुरती प्लेट जखम भरत गेली तशी सैल होत गेली आणि आता बसतच नाही. पाणी प्यायलं की नाकातून येतं, बोलणं सगळं नाकातून. फोन वाजला की आधी गॉजची घडी टाळूत सारते आणि मग हॅलो म्हणते. जेवायला आमच्यात बसत नाही, आमटीभात कालवून ताट आतल्या खोलीत नेते. बचतगटाची अध्यक्ष होती हो ती, बँकेच्या साहेबांसमोर उभी राहून बोलायची, आता बाहेर जायचं म्हटलं की डोळ्यावर पट्टी, त्यावर काळा चष्मा आणि शक्यतो नकोच. हे बघवत नाही म्हणून लिहितेय.

एका दवाखान्यात म्हणाले की डावीकडचे चांगले दातपण काढा, सगळं इम्प्लांटवर (हाडात बसवलेल्या स्क्रूंवर) फिक्स करू, आकडा ऐकून मावशी खुर्चीतून उठलीच. एका ओळखीच्याने सुचवलं की डोळा तयार मिळतो, आणून बसवा, पण पापण्याच नाहीत तर तो राहणार कशावर? आधी प्लेट करायची की डोळा? दोन्ही एकाच ठिकाणी होईल का? कॉलेज, सरकारी काहीही चालेल, फक्त लोकलने नेता आलं पाहिजे. तोंडपण जेमतेम दोन बोटं उघडतं तिचं.

प्रतिसाद (प्रोस्थो_नेरूळ):
ताई, सर्वात आधी, डावीकडचे दात चांगले असतील तर ते काढायची घाई अजिबात करू नका. प्लेटच्या तारा त्याच दातांना पकडतात, ते गेले तर एवढ्या मोठ्या भोकात प्लेट धरून ठेवणं फार कठीण होतं. या प्लेटला ऑब्ट्युरेटर म्हणतात, भोकात जाणारा भाग आतून पोकळ करतात म्हणजे वजन कमी होतं. आधी हीच करा, कारण गालाला आतून आधार मिळाला की चेहऱ्याचा आकार बदलतो आणि डोळ्याचं माप त्यानंतर घेतलेलं बरं. तयार डोळा किंवा माप घेऊन बनवलेला ॲक्रिलिकचा डोळा हे दोन्ही प्रकार चालतात ते पापण्या शाबूत असतील तरच. मावशींना पापण्यांसकट सिलिकॉनचा भाग लागेल, तो गोंदाने, मॅग्नेटने किंवा चष्म्याच्या फ्रेमला जोडून बसवतात. उन्हाने आणि वापराने त्याचा रंग उतरतो, काही वर्षांनी नवा करावा लागतो हे धरून चाला.

तोंड उघडायचा व्यायाम आजपासून सुरू करा, आइस्क्रीमच्या चपट्या काड्या एकावर एक दातांमध्ये ठेवायच्या आणि जमेल तशी एकेक वाढवायची, कारण मापाचा ट्रे आत गेला पाहिजे. गॉज आत विसरू देऊ नका, कुजतो आणि इन्फेक्शन होतं.

डेंटल कॉलेजच्या प्रोस्थोडॉन्टिक्स (कृत्रिम दात, प्लेट बनवणाऱ्या) विभागात जा. नेरूळला डी वाय पाटील आणि तेरणा आहेत, ठाण्याहून ट्रान्सहार्बर लोकलने सरळ येता येतं. सरकारी हवं तर सीएसएमटीजवळचं गव्हर्नमेंट डेंटल कॉलेज किंवा मुंबई सेंट्रलचं महापालिकेचं नायर डेंटल कॉलेज. ऑपरेशनची नोट, बायोप्सी रिपोर्ट, जुने सीटी आणि ताजं एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा रिपोर्ट) न्या, बुरशी परत नाही ना हे बघूनच पुढचं काम करतात.

प्रतिसाद (खारेगावकर):
माझ्या सासऱ्यांचं असंच झालं होतं, फक्त डोळा वाचला. प्लेट बसली त्याच दिवशी त्यांनी ग्लासभर पाणी प्यायलं, एक थेंब नाकातून आला नाही, सासूबाई तिथेच रडल्या. पण नंतर प्लेट टोचते, घासून घ्यावी लागते, पुन्हा पुन्हा जावं लागतं, तिथे कंटाळू देऊ नका. रात्री काढून धुवून पाण्यात ठेवायची.

धागाकर्ती:
दोघांचे खूप खूप आभार. सगळं मावशीला वाचून दाखवलं, काड्यांचं लगेच सुरू केलंय. सोमवारी नेरूळला जातोय, फाइल लावून ठेवलीय. तिने विचारलंय की प्लेट घालून भाकरी खाता येईल का.

प्रतिसाद (प्रोस्थो_नेरूळ):
येईल, पण डाव्या बाजूने. सुरुवातीचे काही आठवडे मऊ खायचं, मग दुधात किंवा आमटीत भिजवलेली, मग कोरडी, छोटे तुकडे करून. प्लेटवरच्या उजवीकडच्या दातांवर जोर द्यायचा नाही, तिकडे खाली हाड नाही, चावलं की प्लेट वर दबते आणि डावीकडच्या दातांवर ताण येतो.