मदत हवी आहे: श्रीखंडाच्या डब्याचा तळ इजेक्टर पिनांनी फुटतोय, स्ट्रिपर प्लेट लावू का?

नमस्कार मंडळी. बडोद्याला मकरपुरा जीआयडीसीत आमचं छोटं टूलरूम आहे, प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे (मोल्ड) बनवतो. आजोबा कलाभवनात शिकले तेव्हापासून घरात लोखंडाचंच काम, पण पातळ भिंतीचा डबा आम्ही पहिल्यांदाच घेतला आणि तिथेच अडकलोय.

अर्धा किलो श्रीखंडाचा गोल डबा, पीपी (पॉलिप्रोपिलीन) प्लास्टिकचा. तोंड ९८ मिमी, खोली ६५, भिंत १ मिमी, वर झाकणासाठी अडीच मिमीचा काठ. साच्यात दोन कॅव्हिटी, म्हणजे डब्याची बाहेरची बाजू घडवणारे खळगे, आणि प्रत्येकीला आतली बाजू घडवणारा एक कोअर. गिऱ्हाइकाला लेबल सरळ गुंडाळायचंय, म्हणून ड्राफ्ट (डबा सुटावा म्हणून भिंतीला दिलेला उतार) एका बाजूला जेमतेम अर्धा अंश. इजेक्शनला, म्हणजे डबा ढकलून बाहेर काढायला, प्रत्येक कोअरमध्ये ६ मिमीच्या सहा पिना दिल्या, एक मध्ये आणि पाच भोवती.

ट्रायलला डबा कोअर सोडेना. पिना पुढे आल्या की तळ फुगतो, प्रत्येक पिनेच्या जागी पांढरा डाग पडतो आणि दहा-बारा शॉटमागे एक पिन तळातून आरपार जाते. ऑपरेटरने कूलिंग वाढवून पाहिलं. सायकल १४ सेकंदांवरून २२ वर गेली आणि चिकटणं उलट वाढलं. जिथे डाग तिथेच डबा पडल्यावर तडकतो, असा माल मी देणार नाही. गुढीपाडव्याचं श्रीखंड यात भरायचंय, दिवस थोडे आहेत.

पिना जाड करू, की हवा देऊ, की थेट स्ट्रिपर प्लेट, म्हणजे डब्याला काठावरून ढकलणारी प्लेट? प्लेट म्हणजे कोअरची बाजू जवळजवळ नव्याने करणं आलं. मशीनचा डेलाइट (पूर्ण उघडल्यावर साच्याला मिळणारी जागा) मोजलाय, २५ मिमीची प्लेट बसते.

प्रतिसाद, भोसरीहून:
कूलिंग वाढवल्यावर चिकटणं वाढलं, यातच तुमचं उत्तर आहे. पीपी १ ते अडीच टक्के आकसतं, एबीएससारखं दुसरं प्लास्टिक एक टक्क्याच्याही आत. डबा आकसला की कॅव्हिटीपासून सुटतो आणि कोअरला आवळतो, जितका गार तितका घट्ट. पकड आहे भिंतीची आणि तुम्ही ढकलताय तळ. १ मिमीचा तळ म्हणजे ढोलकीचं कातडं. ६ ची पिन १२ ची केलीत तर क्षेत्रफळ चौपट होईल, डाग कमी पडतील, पण फुगणं जाणार नाही. पिना शोभतात रिब (आधाराच्या पट्ट्या) आणि कोपरे असलेल्या पार्टला, बॉसला (स्क्रूसाठीच्या पोकळ खुंटीला) स्लीव्ह, म्हणजे नळीसारखी पिन. गोल, खोल, पातळ डब्याला काठावरूनच ढकला, जोर सरळ भिंतीत जातो. माझं मत स्ट्रिपर.

प्रतिसाद, नाशिकहून:
दादा, प्लेट कापायच्या आधी एक सांगा, कोअरला पॉलिश कसं आहे?

धागाकर्ता:
आरशासारखं. डायमंड पेस्टने मीच दोन दिवस बसून केलं.

नाशिक:
तिथेच अर्धं दुखणं आहे. पीपी आरशाला चिकटतं. डबा आणि कोअर यांच्यात हवा शिरायला वाटच उरत नाही, आत निर्वात होतं. कोअरवर ४०० ग्रिटचा घासायचा स्टोन फिरवा, पण डबा निघतो त्याच दिशेने, उभा. आडवी एकही रेघ नको. आणि मधली पिन काढून तिथे एअर पॉपेट, म्हणजे हवा सोडणारी छोटी झडप, बसवा, मोल्ड उघडताक्षणी ५-६ बार हवा सोडा. दोन कोअर आहेत, तर आधी एकाच कोअरवर करा, फरक समोरासमोर दिसेल.

धागाकर्ता, चार दिवसांनी:
ताई, तुम्ही सांगितलंत तसंच केलं. दोन नंबरच्या कोअरला उभा स्टोन आणि पॉपेट, एक नंबर जसा होता तसा. दोन नंबरमधून पिन आरपार जाणं पूर्ण थांबलं आणि कूलिंग परत मूळच्या आकड्यावर आणलं. पण उजेडात धरलं की पाच फिकट डाग दिसतातच. गिऱ्हाईक घेईल कदाचित, मला पटत नाही. पॉपेट ठेवून स्ट्रिपर प्लेट करायचं ठरवलंय, कोअरही नवीन करतोय. प्लेट कोअरवर कशी बसवायची, सरळ फिट की टेपर?

भोसरी:
टेपर, ३ ते ५ अंश. सरळ ठेवलात तर प्रत्येक शॉटला प्लेट कोअरला घासेल आणि महिन्याभरात फ्लॅश (फटीतून बाहेर येणारं पातळ प्लास्टिक) सुरू होईल. प्लेटमध्ये हार्डन केलेली वेगळी रिंग बसवा, झिजली की तेवढीच बदलता येते. रिंगचं आतलं भोक कोअरच्या मोल्डिंगच्या व्यासापेक्षा थोडं मोठं ठेवा, बाजूला पाव मिमी पुरे, म्हणजे रिंगची धार कोअरच्या पॉलिशला लागत नाही. तुमचा काठ अडीच मिमी आहे, ढकलायला भरपूर जागा उरते. आणि पिना गेल्या की कोअरचं पोट रिकामं होतं. तिथे पॉपेटच्या भोवती पाणी न्या. पिनांच्या गर्दीत ते तुम्हाला जमलं नसणार.

धागाकर्ता:
नव्हतंच जमलं, पाणी फक्त खालच्या प्लेटमध्ये फिरत होतं. उद्या सकाळी रिंगचं मटेरियल कापायला देतो. ट्रायल झाली की डब्याच्या तळाचा फोटो इथेच टाकतो.