विमानात एका सीटमध्ये मावत नसेल, तर दुसऱ्या सीटचे पैसे कोणी भरायचे?

दक्षिणवारा (धागाकर्ता)

अमेरिकेतल्या साउथवेस्ट एअरलाइन्सचा एक नियम आजवर अपवाद म्हणून सांगितला जायचा. ज्या प्रवाशाला एक सीट पुरत नाही, त्याने शेजारची सीटही घ्यायची आणि प्रवास झाल्यावर त्या दुसऱ्या सीटचे पैसे परत मागायचे. आधी घेतली नसली तरी गेटवर सांगून ती फुकट मिळू शकायची. २७ जानेवारी २०२६ पासून हे बदललं. आता दुसरी सीट आधीच विकत घ्यायची. पैसे परत मिळतील, पण कधी? विमान निघताना निदान एक सीट रिकामी असली, दोन्ही तिकिटं एकाच भाड्याच्या वर्गातली असली आणि ९० दिवसांच्या आत मागणी केली, तरच. आधी घेतली नाही आणि विमान भरलेलं निघालं, तर तुम्हाला दुसऱ्या विमानात टाकणार.

या बदलावर बरीच टीका झाली. मला तो योग्य वाटतो. या सगळ्या चर्चेत ज्याच्याबद्दल कोणीच बोलत नाही तो माणूस म्हणजे शेजारचा. त्यानेही पूर्ण भाडं भरलेलं असतं. मधला आर्मरेस्ट वर केला जातो, बरेचदा त्याला न विचारताच, आणि मग त्याची सीट पाऊण उरते. आइलला असेल तर एक खांदा बाहेर काढून बसायचं आणि दर वेळी खाण्याची ट्रॉली आली की आत ओढून घ्यायचा. मधल्या सीटवर असेल तर दोन्ही हात मांडीवर. समोरच्याला वाईट वाटेल म्हणून तो तोंडातून शब्द काढत नाही. क्रूला हळूच सांगितलं तर उत्तर ठरलेलं, फ्लाइट फुल आहे.

युरोपात २६१/२००४ नावाचा नियम आहे. विमान कंपनीने तुम्हाला खालच्या वर्गात बसवलं तर अंतराप्रमाणे तिकिटाचे ३०, ५० किंवा ७५ टक्के परत मिळतात. पण त्याच वर्गात पाऊण सीट मिळाली तर? शून्य. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. दोन्हीकडचे आर्मरेस्ट खाली यायला हवेत. येत नसतील तर दुसरी सीट घ्यायची, आणि जो ती वापरणार त्याने तिचे पैसे द्यायचे. यात कोणाचा अपमान करण्याचा हेतू नाही.

मुक्ता_र

मी तुमच्या शेजारी बसणाऱ्यांपैकी आहे, म्हणून लिहिते.

मी दोन सीटा घेते. कोणी सांगायच्या आधीपासून घेते. आता ती कशी मिळते ते ऐका. बहुतेक साइटवर एका माणसाच्या नावाने दोन सीटा घेताच येत नाहीत. मग फोन. फोनवरच्या माणसाला हे प्रकरण माहीत नसतं, तो होल्डवर ठेवून वरच्याला विचारून येतो. दुसऱ्या तिकिटावर नावाच्या जागी ईएक्सएसटी, म्हणजे एक्स्ट्रा सीट, असं काहीतरी घालतात. मग ऐनवेळी विमान बदलतं, सीटा पुन्हा वाटल्या जातात, आणि माझी एक सीट १२ नंबरच्या रांगेत तर दुसरी १९ मध्ये. दोन वेगळ्या रांगांतल्या सीटांवर एक माणूस कसा बसणार, हे कॉम्प्युटरला कळत नाही आणि काउंटरवरच्यालाही समजावून सांगावं लागतं.

बोर्डिंगला आणखी पुढची पायरी. दुसरा बोर्डिंग पास स्कॅन झाला नाही तर तो प्रवासी आलाच नाही असं धरतात आणि ती सीट वेटिंगवरच्या कोणालातरी देऊन टाकतात. माझ्याबाबतीत हे झालं आहे. विमानात शिरले तर माझ्या पैशांच्या सीटवर एक मुलगा बसलेला, आणि मी दोन पास हातात धरून आइलमध्ये उभी, मागे रांग तुंबलेली. एअर होस्टेस चांगली होती, तिने हळू आवाजात विचारलं, पण उत्तर मला अख्ख्या विमानासमोरच द्यावं लागलं. त्या मुलाला मी उठवलं नाही. दोन भाडी भरून सबंध प्रवास खिडकीच्या भिंतीला चिकटून, हाताची घडी घालून काढला. ट्रे उघडला नाही, कारण तो पोटावर टेकतो आणि सरळ होत नाही. पाणी प्यायले नाही, कारण टॉयलेटला जायचं म्हणजे दोघांना उठवायचं.

तुम्हाला अवघडायला झालं, हे मला त्या वेळी कळत असतं. तुमच्यापेक्षा जास्त कळत असतं. पण दुसरी सीट घ्या म्हणणं सोपं आहे. घेतली तरी ती मिळेलच याची हमी कोण देतं? आणि साउथवेस्टच्या नव्या नियमात पैसे परत मिळणार की नाही, हे माझ्या हातात काहीच नाही. शेवटच्या क्षणी किती तिकिटं विकली गेली त्यावर ते ठरणार.

पाटीपेन्सिल

मुक्ता, प्रतिसाद वाचून गलबलून आलं. वाचनखूण साठवली.

त्रिज्या

दोघांचंही भांडण एकमेकांशी लागलं आहे, आणि ज्याने ते लावून दिलं तो बाजूलाच राहिला. थोडं मोजमापाचं बोलू.

बोइंग ७३७ ची केबिन आतून साधारण ३.५४ मीटर रुंद. ही रुंदी बोइंगच्याच जुन्या ७०७ विमानाकडून आलेली, म्हणजे १९५० च्या दशकातली. त्यात सहा सीटा आणि एक आइल बसवलं की सीटला जेमतेम १७ इंच उरतात. एअरबस ए३२० ची केबिन ३.७० मीटरची, तिथे १८ इंच मिळतात. एका इंचाने काय होतंय असं ज्याला वाटतं, त्याने दोन्हींतून लांबचा प्रवास करून पाहावा. ए२२० मध्ये एका रांगेत पाचच सीटा असतात, आणि तिथे मधली सीट १९ इंचांची आहे. म्हणजे करायचं ठरवलं तर करता येतं. उलट बोइंग ७७७ बघा. सुरुवातीला बहुतेक कंपन्या एका रांगेत नऊ सीटा बसवत. त्याच रुंदीत आता सर्रास दहा असतात. विमान तेवढंच राहिलं, माणूस बारीक झाला नाही, सीट मात्र अरुंद झाली.

दुसरं, सीटची रुंदी दोन आर्मरेस्टांच्या मधली मोजतात, म्हणजे कमरेशी. पण माणूस सगळ्यात रुंद असतो खांद्यांशी. धडधाकट, अजिबात लठ्ठ नसलेल्या पुरुषांचे खांदे १७ इंचांत मावत नाहीत. तीन तसे शेजारी बसले की कोणाला ना कोणाला तिरकं बसावंच लागतं. दक्षिणवारा यांची आर्मरेस्टची कसोटी या तिघांनाही पास करेल, पण मधल्याचा त्रास तेवढाच राहील.

अमेरिकी काँग्रेसने २०१८ मध्ये कायदा करून एफएएला, म्हणजे तिथल्या विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेला, सीटची किमान मापं ठरवायला सांगितलं. मुदत होती एक वर्षाची. २०२२ मध्ये एफएएने लोकांची मतं मागवली, हजारोंनी लिहिलं, आणि किमान माप आजही ठरलेलं नाही. तिथला सगळा युक्तिवाद आणीबाणीत ९० सेकंदांत विमान रिकामं होतं का, एवढ्यावरच अडकला. त्यासाठी ज्या चाचण्या घेतल्या त्यात साठीच्या आतली, धडधाकट माणसं होती. म्हणजे ज्यांना अरुंद सीटचा खरा त्रास होतो, ते चाचणीतच नव्हते.

गगनगिरी

सगळं वाचलं, पण मूळ मुद्दा कोणी मांडत नाहीये. विमानाला वजन उचलावं लागतं. इंधन वजनाने जळतं. सामान एक-दोन किलो जास्त झालं की काउंटरवर पैसे घेतात, मग माणसाच्या वजनाला वेगळा न्याय का? सामोआ एअरने २०१३ मध्ये किलोप्रमाणे भाडं लावलंच होतं. प्रवाशाने स्वतःचं आणि बॅगेचं वजन सांगायचं, त्यावर तिकीट. यात लपवाछपवी नाही, कोणाला कमी-जास्त नाही.

आणि वजन हा जिवाचाही प्रश्न आहे. ८ जानेवारी २००३ ला अमेरिकेत शार्लटला एअर मिडवेस्टचं छोटं विमान उडाल्या उडाल्या पडलं. २१ माणसं गेली. सरासरी वजन धरून हिशोब केला होता, प्रत्यक्षात विमान त्यापेक्षा जड आणि मागच्या बाजूला झुकलेलं होतं.

त्रिज्या

गगनगिरी, त्या अपघाताची अर्धीच गोष्ट सांगितलीत. एलिव्हेटरची, म्हणजे विमानाचं नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीकडच्या भागाची, केबल दुरुस्तीत चुकीची बसवली होती, त्यामुळे वैमानिकाला नाक खाली आणायला पुरेशी हालचालच मिळाली नाही. मागे गेलेला गुरुत्वमध्य हे दुसरं कारण. त्यानंतर एफएएने हिशोबात धरायची सरासरी वजनं वाढवली. म्हणजे धडा असा, की खरी वजनं हिशोबात घ्या. एअर न्यूझीलंड आणि फिनएअर यांनी अलीकडे प्रवाशांची वजनं घेतली ती याचसाठी, आणि ऐच्छिक. भाड्याचा तिथे संबंध नव्हता.

सामोआ एअरची विमानं अगदी लहान होती, मोजक्या माणसांची. तिथे एका माणसाने खरोखर फरक पडतो. दोनशे माणसांच्या विमानात तो फरक बुडून जातो. शिवाय या धाग्याचा प्रश्न रुंदीचा आहे. सहा फुटी, शंभर किलोचा खेळाडू एका सीटमध्ये बसेल आणि तुमच्या हिशोबाने जास्त भरेल. बुटकी, ऐंशी किलोची बाई कदाचित बसणार नाही आणि कमी भरेल. मग शेजाऱ्याचा प्रश्न सुटला कुठे?

स्वाती_प

कॅनडाचं उदाहरण कोणी दिलं नाही म्हणून लिहिते. तिथल्या वाहतूक प्राधिकरणाने जानेवारी २००८ मध्ये निकाल दिला: एक माणूस, एक भाडं. अपंगत्वामुळे ज्यांना मदतनीस सोबत लागतो, आणि लठ्ठपणामुळे ज्यांना अपंगत्व आलं आहे, त्यांच्याकडून देशांतर्गत प्रवासात दुसऱ्या सीटचे पैसे घ्यायचे नाहीत. एअर कॅनडा आणि वेस्टजेट यांनी विरोध केला. वर्षाअखेरीस तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने अपील ऐकायलाच नकार दिला आणि २००९ च्या सुरुवातीपासून नियम लागू झाला.

खर्चाचा प्राधिकरणाने काढलेला अंदाज फार बोलका आहे. एअर कॅनडाला दर तिकिटामागे साधारण ७७ सेंट, वेस्टजेटला ४४ सेंट. एवढ्या रकमेसाठी मुक्तासारखीला दुप्पट भाडं लावायचं? कंपन्या बुडाल्या नाहीत. तिथली विमानं उडतायत.

दक्षिणवारा

स्वातीताई, तो नियम मला माहीत आहे, आणि त्यातल्या अटीही सांगायला हव्यात. लठ्ठपणा असणं तिथे पुरेसं नाही, त्यामुळे प्रवासात अपंगत्व येतं असं ठरावं लागतं, डॉक्टरचं पत्र द्यावं लागतं. आणि देशाबाहेरच्या प्रवासाला तो निकाल नव्हता. म्हणजे तिथेही सरसकट फुकट सीट कोणी दिलेली नाही. ज्याला वैद्यकीय कारण आहे त्याला द्या, माझी हरकत नाही.

मुक्ता, तुमच्या पैशांची सीट दुसऱ्याला देणं ही सरळ फसवणूक आहे. पण त्यावरून दुसरी सीट घ्यायचा नियमच चुकीचा ठरत नाही. तुम्ही घेता, कितीतरी लोक घेत नाहीत. चालून जाईल असं धरून येतात, आणि चालून जातंही, कारण शेजारचा गप्प बसतो. नियम नसेल तर प्रत्येक वेळी हा निकाल दोन अनोळखी माणसांनी आपापसात लावायचा. तो नेहमी जो जास्त भिडस्त त्याच्या विरुद्ध जातो.

निशिगंध

दक्षिणवारा यांना अनुमोदन. माझ्या आईला पाठीचं दुखणं आहे. शेजारच्या गृहस्थांना त्रास नको म्हणून ती वाकडी बसली आणि पुढे आठवडाभर तिला बसता येत नव्हतं. वैद्यकीय कारण फक्त एकाच बाजूला असतं असं नाही.

मुक्ता_र

निशिगंध, तुमच्या आईबद्दल वाचून वाईट वाटलं, खरंच. त्यांना पूर्ण सीट मिळायलाच हवी होती.

दक्षिणवारा, जे न घेता येतात त्यांच्याबद्दल मी काय सांगू? पण ते का घेत नाहीत, हे थोडं बघा. दुप्पट भाडं हे एक कारण. दुसरं कारण, घेण्याची वाट अशी करून ठेवली आहे की माणूस फोनवरच हार मानतो. बुकिंग करताना सीटची रुंदी किती इंच ते कुठे लिहिलेलं असतं? बॅगेची लांबी, रुंदी, उंची तिन्ही लिहितात. सीटची रुंदी शोधायला प्रवाशाने कुठे कुठे फिरायचं? मी मावेन की नाही हे मला बसल्यावर कळणार आणि दंड मात्र आधी भरायचा.

एअर फ्रान्स दुसऱ्या सीटवर २५ टक्के सवलत देते आणि विमान भरलं नाही तर पैसे परत करते. माझं म्हणणं याच्या थोडं पुढचं आहे. एकाच पीएनआरवर, एकाच नावावर दोन सीटा घ्यायची सोय साइटवर द्या. त्या दोन सीटा कॉम्प्युटरला तोडता येऊ नयेत. गेटवर एकच पास. एवढं द्या, मी निम्मे पैसे हसत भरते. पूर्ण नाही. कारण दुसऱ्या सीटवर बसून कोणी जेवत नाही, कोणी बॅग आणत नाही, आणि ती १७ इंचांची मी ठरवलेली नाही.

दक्षिणवारा

पीएनआरची मागणी शंभर टक्के मान्य, आणि सीटची रुंदी तिकीट घेतानाच दिसली पाहिजे हेही. निम्म्या पैशांवर आपलं जमणार नाही. ती सीट दुसऱ्या कोणाला विकली असती तर पूर्ण किमतीला गेली असती, उरलेले निम्मे माझ्या तिकिटात येणार. आणि माझी एक मागणी तुमच्या यादीत घाला: विमान भरलेलं असेल आणि शेजाऱ्याला पाऊण सीट मिळाली, तर क्रूने ते लिहून द्यावं आणि कंपनीने त्याला पैसे परत करावेत. युरोपात वर्ग बदलला की देतात तसेच.

त्रिज्या

ही शेवटची मागणी माझ्या मते सगळ्यात कामाची आहे. पाऊण सीटचे पैसे परत द्यावे लागले तर कंपनीच स्वतः रिकाम्या सीटा मुक्ताच्या शेजारी ठेवायला लागेल. आज त्यांना तसं करण्याचं काही कारणच नाही. निम्मे की पूर्ण, हा वाद त्यानंतर घाला.

मुक्ता_र

फक्त एक अट. ते लिहून देणं माझ्यासमोर, मोठ्या आवाजात, माझ्याकडे बोट दाखवून नको. उतरल्यावर अॅपमध्ये करा.

दक्षिणवारा

मान्य.