पितृपंधरवड्यात येणारा आमचा हस्तकला बाजार: बंद ठेवू की संजा मांडू?

ओटल्यावरची (इंदूर):

नमस्कार मंडळी. सल्ला हवाय आणि तो दोन-चार दिवसांत हवाय, कारण नंतर सगळ्यांना फोन करायचे आहेत.

सुदामा नगरात एका हॉलच्या अंगणात आम्ही दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी हाताने केलेल्या वस्तूंचा बाजार भरवतो. बावीस टेबलं असतात. भाडं 300 रुपये, त्यात मांडव, पाणी आणि सकाळचे पोहे-जिलबी. अट एकच, वस्तू विकणाऱ्याने स्वतः केलेली असावी. दर महिन्याला काहीतरी विषय ठरवतो. रंगपंचमीच्या वेळी पळसाची फुलं उकळून रंग केले होते, श्रावणात राख्या, त्यानंतर शाडूचे गणपती. हे सगळं छान चालतं.

अडतं ते पितृपंधरवड्यात. अनंत चतुर्दशीच्या झांक्या (सजवलेले चित्ररथ) बघत शहर रात्रभर जागतं, आणि दुसऱ्या दिवसापासून बाजार असा थंड पडतो की विचारू नका. नवं काही घ्यायचं नाही, हे घराघरात पाळतात. गेल्या वर्षी मी हट्टाने 'नवरात्राची तयारी' असा विषय ठेवून बाजार भरवला. आमच्यातली एक ताई राऊहून बसने दोन मोठ्या गाठोड्यांत कापडी पिशव्या घेऊन आली. दिवसभरात विक्री 140 रुपये. टेबलाचेच 300 दिलेले. ती मला एका शब्दाने बोलली नाही, पण ती पिशव्यांच्या घड्या घालत होती तेव्हा मला तिच्याकडे बघवत नव्हतं. मी पैसे परत द्यायला गेले तर तिने घेतले नाहीत.

यंदाही दुसरा रविवार त्याच पंधरवड्यात येतोय. माझ्या मनात संजा आहे, म्हणजे माळव्यातल्या मुली या दिवसांत भिंतीवर शेणा-फुलांनी घालतात त्या आकृत्या. मी मूळची नागपूरची, लहानपणी भुलाबाई मांडलेली. लग्न होऊन इंदूरला आले तेव्हा समोरच्या घरातल्या मुली भिंतीवर शेणाने काहीतरी घालून त्यावर फुलं चिकटवताना दिसल्या, आणि संध्याकाळी गाणी. मी कितीतरी वेळ ओटल्यावर उभी होते. आता आमच्या गल्लीत एकाही भिंतीवर संजा दिसत नाही.

तर प्रश्न: विक्री न ठेवता फक्त संजेसाठी जमलो तर लोक येतील का? या दिवसांत असा जमाव कुणाला खटकेल का? आणि हॉलवाले भिंतीला शेण लावू देणार नाहीत, त्याचं काय करू?

क्रोशाकाकू:

मी सुरुवातीपासून तुझ्याकडे टेबल लावते, म्हणून स्पष्ट सांगते. सकाळचा बाजार ठेवूच नकोस. या पंधरा दिवसांत कुणाच्या ना कुणाच्या घरी तिथी असतेच, आणि रविवारी तर पाहुणेही जेवायला असतात. खीर, वडे, चार भाज्या, कावळ्याचं पान, मग जेवणावळ. दुपारी दोनपर्यंत बायकांचा हात मोकळा होत नाही. गेल्या वर्षी गिऱ्हाईक आलं नाही ते काही फक्त नवं घ्यायचं नाही म्हणून नव्हे. यायला माणूसच मोकळं नव्हतं.

चारनंतर ठेव, मी येईन. विणायला घेऊन येईन, विकायला नाही. टेबलाचं भाडं मात्र घेऊ नकोस.

शिप्राकाठची:

माझं माहेर उज्जैन, संजा घालतच मोठी झाले. खटकण्याचा प्रश्नच नाही. संजा असतेच या दिवसांत, भाद्रपद पौर्णिमेपासून सर्वपित्रीपर्यंत. मोठी माणसं पितरांचं करत असायची आणि आम्ही मुली भिंतीपाशी.

रोजची आकृती वेगळी. बीजेला बिजोरा, चौथीला चौपड, पंचमीला पाच कुँवारे, अष्टमीला आठ पाकळ्यांचं फूल, नवमीला डोकरा-डोकरी. घरोघर थोडा फरक असतो, आमच्या शेजारीसुद्धा वेगळं असायचं आणि त्यावरून भांडणं व्हायची. आदल्या दिवसाचं खरवडून काढायचं, मग नवं. शेवटच्या दिवसांत किलाकोट, म्हणजे मोठा चौकोनी कोट आणि त्याच्या आत चंद्र-सूर्य, माणसं, गाडी, सगळं. अमावास्येला विसर्जन. म्हणून तुमच्या रविवारी जी तिथी असेल तीच आकृती घाला. सगळ्यांनी एकदम किलाकोट घालायला घेतला तर दिसायला छान दिसेल, पण ती संजा होणार नाही.

भिंतीचं सोपं आहे. दीड-दोन फुटांचे प्लायचे तुकडे घ्या, सुताराकडे उरलेले मिळतात. त्यावर आदल्या दिवशी शेण-मातीचा हात फिरवून वाळवा. गुळगुळीत प्लायवर ओलं शेण धरत नाही, वाळताना पोपडा सुटतो. फुलं गुलबास, तगर, कण्हेर. गुलबास दुपारी चारच्या सुमाराला उमलतं, त्यामुळे काकूंनी सांगितलेली वेळ अगदी बरोबर आहे. बाजारात छापील कागदाची संजा मिळते, ती कृपा करून आणू नका. मुलांच्या हाताला शेण लागू दे.

एक वाचक, देवास:

मराठी मंडळींचा बाजार आहे तर भोंडला किंवा भुलाबाई का नको? संजा तर माळव्याची.

शिप्राकाठची:

भोंडला नवरात्रात येतो, तेव्हा जरूर करा. पण आमच्या चार पिढ्या माळव्यात गेल्या. मी संजेची गाणी माळवीत म्हणते आणि भोंडल्याची मराठीत, माझ्या आईनेही तसंच केलं. परकं काय आहे त्यात?

ठशांचं दुकान:

मी बाघचं ठशांनी छापलेलं कापड आणून त्याचे कुर्ते आणि दुपट्टे शिवते. माझ्या दृष्टीने हा पंधरवडा ऑर्डर घेण्याचा आहे, आणि हे मी दोन दिवाळ्या हातच्या घालवून शिकले. गिऱ्हाईक दिवाळीच्या आठ दिवस आधी येतं आणि म्हणतं, हाच ठसा पण मोठ्या पन्ह्यात हवा. कुठून देऊ?

धार जिल्ह्यातल्या बाघला हे काम कसं चालतं ते बघा. कोरं कापड आधी धुवायचं, मग एरंडेल, खार आणि बकरीच्या लेंड्यांच्या पाण्यात भिजवून वाळवायचं, तेही पुन्हा पुन्हा. त्यानंतर हिरड्याच्या पाण्यात बुडवलं की पिवळट होतं. मग ठसे. काळा लोखंडापासून, लाल तुरटीपासून, दोन्ही चिंचोक्याच्या खळीत कालवलेले. छापलेलं कापड काही दिवस तसंच ठेवायचं, मग बाघिनी नदीच्या वाहत्या पाण्यात धुवायचं, आणि शेवटी तांब्याच्या भांड्यात अलिझरिन (लाल रंग) आणि धायटीच्या फुलांबरोबर उकळायचं. धायटीला तिकडे धावडी म्हणतात. लाल खरा लाल होतो तो या उकळीत, तोपर्यंत तो फिकटच दिसतो. प्रत्येक पायरीला ऊन लागतं. पावसाळ्यात कापड वाळत नाही, काम मागे पडतं. पाऊस ओसरतो साधारण तेव्हाच पितृपक्ष येतो. त्या वेळी मागणी कळवली तर दिवाळीला कापड हातात, नाहीतर नाही.

म्हणून माझं म्हणणं, विक्री ठेवू नका पण एक वही ठेवा. वस्तू कुणी घरी नेणार नाही, त्यामुळे कुणाचा नेमही मोडणार नाही. नाव, काय हवं, कधीपर्यंत, एवढंच लिहा. पैसे घटस्थापनेनंतर. राऊच्या ताईंच्या पिशव्यांनाही हे लागू होतं. दिवाळीच्या फराळाच्या भेटी द्यायला लोक कापडी पिशव्या घेतात, फक्त त्यांना ते आत्ता आठवत नाही.

जुनं खेळणं:

छोटी सूचना. दुरुस्तीचं एक टेबल ठेवा. नवं घ्यायचं नसतं, पण जुनं नीट करायला कुणाची ना नाही. इंदूरच्या जुन्या घरांत शोकेसमध्ये चामड्याचा एखादा घोडा किंवा हत्ती हमखास असतो, आणि त्याचा कान फाटलेला असतो. आत तारेचा सांगाडा आणि भरलेला कागद, वरून बकरीचं नाहीतर मेंढीचं चामडं. मी वडिलांकडून हे काम शिकलो. कान, शेपूट, सुटलेली शिवण मी बसून करून देईन. पाय वाकलेला असेल तर मात्र तार बदलावी लागते, ते घरी न्यावं लागेल.

ओटल्यावरची (इंदूर):

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री राऊच्या ताईला फोन केला. आधी तिला गेल्या वर्षीचं सगळं बोलले, जे तेव्हाच बोलायला हवं होतं. मग वहीचं सांगितलं. ती म्हणाली, पिशव्यांचे तीन नमुने आणते, बाकी गाठोडं आणत नाही, आणि शिलाई मशीन आणलं तर चालेल का? लोकांच्या चेन आणि फाटके बंद ती तिथेच लावून देईल. चालेल काय, धावेल म्हटलं. दुरुस्तीची मजुरी ज्याची त्याला.

तर ठरलं. दुपारी चार ते रात्री आठ, भाडं नाही. मांडवाला सुट्टी, अंगणातल्या सतरंज्या पुरतील. चहाचा खर्च मागच्या महिन्याच्या शिल्लकीतून. प्लायचे बारा तुकडे आमच्या सुताराने देऊ केलेत. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता माझ्या ओटल्यावर त्यांना हात फिरवायचाय, ज्यांना जमेल त्यांनी या. शेण समोरच्या दूधवाल्याकडून येईल.

शिप्राकाठची ताई, तुम्ही येणार असाल तर गाणी तुमच्याकडे. माझ्या मुलीला एकही येत नाही, आणि तिने आत्तापासून विचारायला सुरुवात केली आहे.

आणि एक, ज्यांच्या अंगणात गुलबास आहे त्यांनी सकाळी तोडून ठेवू नका, तोवर ती मिटलेली असतात. चारला झाडावरून काढा आणि ओल्या फडक्यात गुंडाळून तशीच घेऊन या.