परदेशातली नोकरी: पगार किती आणि गाठीला किती? तुमचे अनुभव लिहा

परदेशात नोकरी लागली की पहिला प्रश्न ठरलेला, "पॅकेज किती?" तो आकडा रुपयांत गुणला जातो आणि नातेवाइकांत फिरतो. तिथलं भाडं, कर, शाळा, पाळणाघर यांचा हिशोब मात्र ज्याचा त्याने तिकडे पोचल्यावर करायचा. सध्या आमच्या घरात जर्मनीचं एक ऑफर लेटर आलं आहे, वर्षाला 60,000 युरोंचं. गुणाकार सगळ्यांनी करून झाला. वजा काय करायचं, ते कोणालाच माहीत नाही.

म्हणून हा धागा. नोकरी कशी मिळाली, हातात किती पडतात, कशावर किती जातात आणि महिन्याअखेर काय उरतं, ते मोकळेपणाने लिहा. आयटीवाल्यांनीच लिहावं असं मुळीच नाही. वेल्डर, नर्स, स्वयंपाकी, शिक्षक, सगळ्यांचं ऐकायचं आहे. जाऊ घातलेल्या माणसाला "देश छान आहे" यापेक्षा "डिपॉझिट किती भरावं लागलं" हे कळलेलं जास्त कामाला येतं.

म्युनिक

ताई, तुमच्या आकड्यापासूनच सुरुवात करतो, कारण माझाही साधारण तेवढाच होता. 60,000 म्हणजे महिन्याला 5,000. त्यातून प्राप्तिकर, पेन्शन, आरोग्य विमा, बेरोजगारी विमा असं सगळं कापून एकट्या माणसाच्या हातात 3,100 च्या आसपास येतात. बायको भारतात असेल तर कर एकट्या माणसासारखाच, म्हणजे टॅक्स क्लास 1. ती इथे आल्यावर अर्ज करून क्लास 3 घेतला, तेव्हा महिन्याला चारेकशे युरो वाढले. तिचा आरोग्य विमाही माझ्याच सरकारी विम्यात आला, वेगळा हप्ता नाही. कापलेले पैसे बुडाले असं समजू नका. बाळंतपणाच्या वेळी त्या कपातीची किंमत आम्हाला कळली.

खरी चाट बसते ती घराला. जाहिरातीत दिसतं ते 'काल्ट' भाडं, त्यात हीटिंग आणि सोसायटीचे खर्च नसतात. आमच्या वनबीएचकेचं काल्ट 1,400, सगळं धरून 1,650, वीज आणखी वेगळी. डिपॉझिट कायद्याने जास्तीत जास्त तीन महिन्यांचं काल्ट भाडं, आणि ते तीन हप्त्यांत द्यायचा हक्क भाडेकरूला आहे. हे घरमालक आपणहून सांगत नाहीत. आणि स्वयंपाकघर! दार उघडलं तर भिंतीतून पाण्याचा नळ आणि शेगडीच्या वायरी बाहेर आलेल्या, बाकी ओटा नाही, सिंक नाही, काही नाही. इथे बरेच भाडेकरू जाताना किचन सोबत घेऊन जातात. आम्हाला ते जुनं विकत घेऊन बसवायला हजारभर युरो लागले. पहिला पगार महिनाअखेरीस होतो, तोवरची सोय भारतातून करूनच निघा.

ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांचा परवाना, ज्याच्याकडे आहे त्याच्या जोडीदाराला इथे लगेच नोकरी करता येते. पण मोठ्या शहरातल्या आयटी कंपन्या सोडल्या तर जर्मनशिवाय दार उघडत नाही. माझ्या बायकोने पुण्यात मॅक्सम्युलर भवनला जर्मनची बी1, म्हणजे मधली पातळी करून ठेवली होती. आम्ही आज पैसे बाजूला टाकतो ते तिच्या पगारातून. माझा पगार घरातच संपतो.

दुबई

आमच्याकडे उलट. पगारावर कर नाही, म्हणून आकडा बघून माणूस हुरळतो. मग भाड्याचे चेक लिहायला बसतो. वर्षाचं भाडं एक, दोन किंवा चार चेकमध्ये आधीच लिहून द्यायचं. त्यावर एजंटचे सहसा 5 टक्के, घरमालकाचं डिपॉझिट आणि वीज-पाण्याच्या जोडणीसाठी फ्लॅटला 2,000 दिरहम. शिवाय वर्षाच्या भाड्याच्या 5 टक्के रक्कम पालिकेची म्हणून वीजबिलात महिन्या-महिन्याला वसूल होते. शारजात घर स्वस्त पडतं, पण सकाळी दुबईकडे येणाऱ्या रस्त्यावर रोज जाणारा वेळही हिशोबात धरा.

मुलं असतील तर नोकरीआधी शाळेच्या फीचा तक्ता बघा. भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळा ब्रिटिश शाळांपेक्षा बऱ्याच स्वस्त आहेत, तरी दोन मुलं म्हणजे घरभाड्यानंतरचा सगळ्यात मोठा खर्च तोच. कंपनी शिक्षणभत्ता देत असेल तर पगार थोडा कमी असला तरी चालेल, असं माझं स्पष्ट मत आहे.

आणखी एक. पत्रात 'बेसिक' किती आणि भत्ते किती, ते नीट वाचा. नोकरी सोडताना मिळणारी ग्रॅच्युइटी फक्त बेसिकवर मोजतात, पहिली पाच वर्षं दर वर्षाला 21 दिवसांचा पगार, पुढे 30 दिवसांचा. इथे आपल्यासाठी पीएफ नाही, पेन्शन नाही. बेसिक निम्मं तर ही रक्कमही निम्मी.

कतार (मूळ गाव चिपळूण)

मी पाइप वेल्डर आहे, 6जी ही पाइप वेल्डिंगची अवघड परीक्षा पास. आमच्याकडे घरटी एक माणूस गल्फला, त्यामुळे बातम्या आधीच कानावर असतात. मी एजंट निवडताना एकच गोष्ट पाहिली. सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर त्याचा परवाना चालू आहे की नाही. कायद्याने तो 30,000 रुपये आणि जीएसटी एवढंच घेऊ शकतो. आमच्या वाडीतल्या एकाने दीड लाख भरले, व्याजाने काढून. पहिलं वर्ष त्याचं व्याज फेडण्यात गेलं.

कतारसाठी मुंबईतल्या व्हिसा सेंटरवर करार सहीआधी दाखवतात. त्यातला पगार, राहणं, जेवण, तिकीट सगळं एजंटने सांगितलेल्याशी ताडून पाहा, फरक असेल तर तिथेच हात वर करा. कतारमध्ये 2021 पासून किमान पगार 1,000 रियाल, आणि कंपनी राहण्या-जेवणाची सोय करत नसेल तर वरून 500 आणि 300. माझं बेसिक 1,800, ओव्हरटाइम वेगळा. कॅम्प आणि मेस कंपनीची. माझा खर्च म्हणजे फोन, साबण, आठवड्यातून एकदा बाहेरचं मासळीचं जेवण. बाकी सगळं घरी जातं. वर जर्मनीवाल्या दादांचा पगार वाचला, माझ्या कितीतरी पट आहे. पण हातात राहतात त्याची तुलना केली तर मी फार मागे नाही.

हे पैसे सोपे नाहीत, तेही लिहितो. जून ते ऑगस्ट उन्हात पाइप हात लावू देत नाही. एका खोलीत आम्ही चौघं. पोरगी चालायला लागली ती मी व्हिडिओवर बघितली. ज्याला हे झेपणार नाही त्याने फक्त रियालचा भाव बघून येऊ नये.

टोकियो, निशी-कासाई

जपानमध्ये पहिल्या वर्षीचा पगार बघून पुढचं बजेट आखू नका. रहिवासी कर आदल्या वर्षीच्या उत्पन्नावर लागतो, साधारण 10 टक्के, आणि जूनपासून कापला जातो. एप्रिलमध्ये आलेल्याचं पहिलं वर्ष त्यातून सुटतं. दुसऱ्या जूनमध्ये पगार अचानक कमी दिसतो, तेव्हा नवी मंडळी पगारात चूक झाली म्हणून एचआरकडे जातात.

घरासाठी यूआर या सरकारी गृहसंस्थेची संकुलं बघा. तिथे 'रेइकिन', म्हणजे मालकाला द्यायची परत न मिळणारी रक्कम, लागत नाही, जामीनदारही लागत नाही. निशी-कासाईत तूरडाळ, हिंग, गोडा मसाला सगळं मिळतं.

आणि येनचा भाव. 2020 मध्ये एका येनला सत्तर पैशांच्या आसपास मिळत. 2024 च्या उन्हाळ्यात बावन्न-त्रेपन्न. इथला पगार तोच, इथला किराणा परवडतो, पण ज्यांचं पुण्यातलं गृहकर्ज येनमधून फिटतं त्यांची ओढाताण झाली. कर्ज रुपयात आणि कमाई दुसऱ्या चलनात असेल तर भाव पाचवा हिस्सा पडला तरी हप्ता निघेल का, हे आधी पाहा.

सिंगापूर

थोडक्यात लिहिते. कर कमी, प्रवास स्वस्त, हॉकर सेंटरला, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या बाजारात, जेवणही परवडतं. एम्प्लॉयमेंट पास या नोकरीच्या परवान्यावर असताना सीपीएफ, म्हणजे इथला पीएफ, कापला जात नाही, म्हणजे कंपनीचा वाटाही मिळत नाही. निवृत्तीची तरतूद आपली आपणच करायची. कुटुंब आणायला महिन्याचा पगार किमान 6,000 सिंगापूर डॉलर लागतो. एकटं राहून खोली भाड्याने घेतली तर चांगली बचत होते. कुटुंबासह पूर्ण फ्लॅट घेतला की गणित पार बदलतं.

लेस्टर, इंग्लंड

मी सांगलीकडची, एनएचएसमध्ये, म्हणजे इथल्या सरकारी आरोग्यसेवेत, बॅंड 5 या पगारश्रेणीची नर्स. शेवटची प्रात्यक्षिक परीक्षा, ऑस्की, इथे पगारी नोकरी सुरू झाल्यावर दिली, तिची तयारी हॉस्पिटलने करून घेतली. आमच्या व्हिसावर आरोग्य अधिभार, म्हणजे व्हिसाच्या अर्जासोबत आरोग्यसेवेसाठी भरायची रक्कम, माफ आहे. इतर स्किल्ड वर्करना तो मोठ्या माणसामागे वर्षाला 1,035 पौंड, आणि पूर्ण मुदतीचा एकदम भरावा लागतो. कंपनी भरणार का, हे लेखी विचारा.

पगार लंडनबाहेर पुरतो, पण पाळणाघर सुरू झालं की पुरत नाही. पूर्णवेळ पाळणाघराचं बिल आमच्या भाड्यापेक्षा जास्त होतं. म्हणून मी रात्रपाळ्या आणि रविवार घेते. आमच्या बॅंडला रात्री 30 टक्के आणि रविवारी 60 टक्के जास्त मिळतात. नवरा दिवसा गोदामात जातो. दोघांची भेट दारात होते, एक येतो तेव्हा दुसरी निघते. मुलगा तीन वर्षांचा झाल्यावर सगळ्यांना मिळणारे आठवड्याचे 15 तास मोफत सुरू होतील. तेव्हा मी रविवार सोडणार, हे वॉर्ड मॅनेजरला आत्ताच सांगून ठेवलं आहे.