मदत हवी आहे: कॅफेनॉलमध्ये निगेटिव्ह फिकी का येतेय?

छायावेडा: जालावर सगळीकडे आहे तीच कॅफेनॉलची, म्हणजे कॉफीच्या द्रावणात फिल्म धुण्याची, कृती. लिटरला ५४ ग्रॅम वॉशिंग सोडा, १६ ग्रॅम व्हिटॅमिन सी, ४० ग्रॅम इन्स्टंट कॉफी, १५ मिनिटं. तरी निगेटिव्ह इतकी फिकी की खिडकीशी धरून चेहरे शोधावे लागतात. कॉफी बदलून झाली, फरक शून्य. उद्या दुसरा रोल धुवायचाय, जरा लवकर सांगा.

अंधारखोली: फिल्म कुठली? तापमान मोजलंत की अंदाजे?

रोडिनलप्रेमी: कॉफीच्या भानगडीत पडायचंच कशाला? रोडिनल हे फिल्म धुण्याचं तयार रसायन १८९१ पासून चालतंय. १:१०० करा, टँक तासभर ठेवून द्या, डोकेफोड संपली.

चंदेरीमीठ: आणि न हलवल्यामुळे फिल्मच्या कडेच्या स्प्रोकेटच्या भोकांपासून पट्टे ओघळतात, ते कोण सांगणार?

रोडिनलप्रेमी: माझ्याकडे आजवर एक पट्टा आलेला नाही.

छायावेडा: ४०० आयएसओ ब्लॅक अँड व्हाइट. २० अंश, थर्मामीटर लावून. हे सगळं नेहमीचंच आहे हो.

मेगापिक्सेल: स्कॅन करताना कर्व्ह ओढून कॉन्ट्रास्ट वाढवा, फिकेपणा जातो.

छायावेडा: स्कॅनर नाही. एनलार्जरवर, म्हणजे निगेटिव्हमधून कागदावर प्रकाश पाडून, प्रिंट काढायच्यात.

मेगापिक्सेल: मग मोबाइलने फोटो काढून रंग उलटे करा.

अंधारखोली: फिल्मच्या कडेचे फ्रेमचे आकडे कसे दिसतायत? ते कारखान्यातच एक्स्पोज झालेले असतात, तुमच्या कॅमेऱ्याशी त्यांचा संबंध नाही. आकडे ठणठणीत काळे आणि चित्रं फिकी, तर मीटरिंग, म्हणजे फोटो काढतानाचं उजेडाचं माप, गंडलंय. आकडेही फिके असतील तर डेव्हलपर, म्हणजे तुमचं कॉफीचं द्रावण, कमजोर.

छायावेडा: आकडेही फिके. ४ आहे की १४, कळत नाही.

मेगापिक्सेल: कॅफीन कमी असेल. कडक कॉफी घ्या.

चंदेरीमीठ: कॅफीनचा इथे काही संबंध नाही. काम करतं ते कॅफेइक आम्ल. डिकॅफनेही फिल्म धुता येते.

अंधारखोली: कॉफी राहू द्या आता. सोडा कसा दिसतो? भुकटी की खडे? खायचा सोडा तर नाही ना?

छायावेडा: वॉशिंग सोडाच आहे, एवढं कळतं. काचेसारखे खडे. डबा उघडा राहिला की वरून पांढरे पडतात.

अंधारखोली: सापडलं! त्या खड्यांत निम्म्याहून जास्त वजन पाण्याचं असतं. ५४ ग्रॅम हे निर्जल सोड्याचं माप आहे. तुमचा खरा सोडा जेमतेम २० ग्रॅम पडतोय. खडे वापरायचे तर साधारण १४६ ग्रॅम घ्या, पण पारदर्शकच. पांढरी पडलेली भुकटी अर्धवट सुकलेली असते, तिचं माप धरता येत नाही. नाहीतर सगळा सोडा स्टीलच्या भांड्यात मंद आचेवर पार कोरडा करा आणि ५४ ग्रॅम घ्या. आधी तो आपल्याच पाण्यात विरघळतो, घाबरू नका. ॲल्युमिनियमचं भांडं नको, सोडा ते खातो.

रोडिनलप्रेमी: एवढ्या वेळात माझा रोल वाळून एनलार्जरला लागला असता.

छायावेडा: 🙏 उद्याचा रोल थेट घालू का?

अंधारखोली: नको. फिल्मचं पुढचं टोक कापून उजेडातच द्रावणात टाका. काही मिनिटांत काळंकुट्ट झालं तरच रोल घाला.

छायावेडा: आणि आधीच्या फिक्या रोलचं?

चंदेरीमीठ: ५ नंबर ग्रेडच्या, म्हणजे सर्वात जास्त कॉन्ट्रास्टच्या, कागदावर छापून बघा. सावल्यांत जे आलंच नाही ते मिळणार नाही, पण चेहरे बरेचसे निघतील.